दहा सायकलींची तूट

१९६१ च्या एप्रिलची सात तारीख. बिल एकशे ऐंशी रुपयांचं. जागा, चौलजवळचा बर्फाचा कारखाना. हजर तिघे: मालक पांडूशेठ, बर्फासाठी ताटकळलेली हिराबाई कोळीण आणि वीज कंपनीचा सुपरवायझर म्हणून मी.

शेठनी दीडशे रुपये पुढे केले.

"तीस कमी आहेत," मी म्हणालो.

"ते तुमीच खाल्लेत. मोटरची पाटी वाचा. साठ सायकल. तुमी देता पन्नास. माप सहावा हिस्सा कमी, पैसे सहावा हिस्सा कमी."

पाटी खरी होती. मोटर अमेरिकेची, मुंबईच्या भंगारातून आणलेली. तारेतली वीज सेकंदाला ठरावीक वेळा पुढेमागे होते. एका फेरीला आम्ही सायकल म्हणायचो. सेकंदाला किती सायकल, त्यालाच आता हर्ट्‌झ म्हणतात. आपल्याकडे पन्नास, तिकडे साठ. त्यामुळे ही मोटर इथे हळू फिरायची.

"शेठ, सायकल म्हणजे माप नव्हे, चाल. पैसे युनिटचे. मोटर काम कमी करते, तशी युनिटंही कमीच पडतात."

"आणि बर्फ कमी पडतो तो?"

"त्येच इचारतंय मी," हिराबाई कडाडली. "बरफ न्हाय. म्हावरा काय तुजे सायकलीवर ठेवू?"

पूर्ण बिल भरलं नाही तर लाइन तोडावी लागे. लाइन तुटली की बंदरावरची मासळी नासणार. तीस रुपये सोडण्याचा मला अधिकार नव्हता, आणि लाइन तोडायची नाही हे मी ठरवलं होतं.

मी फूटपट्टी काढली. मोटरवरची पुली, म्हणजे पट्ट्याचं चाक, दहा इंची. बारा इंची बसवली तर मोटर हळू फिरली तरी बर्फाचं यंत्र मूळ चालीने फिरेल, असं सांगितलं.

"आणि नाय फिरलं तर?"

"तुमचे तीस रुपये मी पगारातून भरीन."

"ऐकलंस गो हिरे? तू साक्षीदार."

अलिबागच्या लेथवाल्याने पुली करून दिली. मोठ्या चाकाने मोटरवर ओझं वाढतं, म्हणून ती बसवल्यावर दिवसभर करंट मोजणारा ॲमीटर लावून बसलो. करंट चढला, पण मर्यादेत राहिला. संध्याकाळी हिराबाई बर्फ घेऊन गेली. शेठनी राहिलेले तीस रुपये मोजून दिले.

पुढचं बिल दोनशे बारा आलं. शेठ ते घेऊन ऑफिसात हजर.

"सायकली तेवढ्याच, मग बिल वाढलं कसं?"

"काम वाढलं."

त्यांनी बिलावरचे मीटरचे जुने-नवे आकडे बोट ठेवून ताडून पाहिले. मग खिशात हात घातला.

गिऱ्हाइकाला युनिटची व्याख्या मीटरवरच पटते. कंपनीला आधीचे एकशे ऐंशी आणि हे दोनशे बारा मिळाले, लेथवाल्याला शेठकडून बावीस. माझा पगार शाबूत राहिला.