फायबरच्या होडीला तेल

आमची लाकडी होडी इतकी गळायची, की बाबा जाळं ओढायचे आणि काका डब्याने पाणी उपसत राहायचे. ते परतेपर्यंत आईच्या घशाखाली घास उतरत नसे.

काल किनाऱ्यावर बाबा नव्या फायबरच्या होडीला माशाचं तेल चोळताना दिसले.

"बाबा, हे लाकूड नाही. हिला तेल लागत नाही."

"तू कॉलेजात निघालास की आई डोक्यावर तेल थापायची. ते लागत होतं काय?"

फायबर म्हणजे काचेचे धागे. ते सुटे असले की बोटांत मोडतात. रेझिनच्या चिकट, घट्ट होणाऱ्या द्रवात थरावर थर बसले की लाट झेलतात. पण समुद्रात जाणाऱ्या वस्तूवरून हात फिरवल्याशिवाय आमच्या माणसांना चैन पडत नाही. मीही तेल घेतलं.

घरातला पहिला पदवीधर मी. ही होडी मी बनवली आहे, आणि तिच्यात पाणी येत नाही.