सतरा नंबरची सीट आणि कॅमेरा क्रमांक तीन

सर्व वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, शेंद्र्याहून मुकुंदवाडीमार्गे शहरात येणाऱ्या सकाळच्या बसमधील सीट क्रमांक सतरा ही रिकामी दिसली तरी तीवर बसण्यापूर्वी विचारून घ्यावे. कोणाला विचारावे, हे मात्र मला सांगता येणार नाही.

हसलात ना? हसा. मीही हसायचो. माझ्याइतका या विषयात कोरडा माणूस तुम्हाला सापडणार नाही. अमावस्येला केस कापतो, शनिवारी नवी चप्पल घालतो, आणि मांजर आडवं गेलं तर त्याला आधी जाऊ देतो – भीती म्हणून नव्हे, वाहतुकीचा नियम म्हणून. या सदरात लोक रात्री बाराचे, पिंपळाखालचे अनुभव लिहितात. माझा अनुभव सकाळी सात पन्नासचा आहे, लख्ख उन्हातला, पन्नास-साठ माणसांच्या गर्दीतला. आणि त्याचं चित्रीकरण झालेलं आहे... किंवा झालेलं नाही. तोच तर घोळ आहे.

मी शहर बसच्या डेपोत कॅमेऱ्यांचं काम बघायचो. एका बसमध्ये चार कॅमेरे. पहिला ड्रायव्हरवर, दुसरा दारावर, तिसरा आणि चौथा आतल्या प्रवाशांवर. चौघांच्या वायरी ड्रायव्हरच्या पाठीमागच्या एका कुलूपबंद लोखंडी डब्यात जायच्या. त्या डब्यात हार्ड डिस्क. रोज ती काढायची, खोलीत आणायची, संगणकाला लावायची आणि बघायचं – कोणी पाकीट मारलं, कोणी छत्री विसरलं, कोणी नाकात बोट घातलं. आवाज येत नसे, फक्त चित्र. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. मला सगळे नाना म्हणायचे, अजूनही म्हणतात.

तो काळ दुष्काळाचा. शहर तिकडे शेंद्र्याच्या दिशेने पसरत चाललेलं – नव्या कंपन्या, नव्या सोसायट्या, रुंद होणारा रस्ता – आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही लाजत लाजत. कंपन्यांत मात्र पाणी असायचं. त्यामुळे रात्रपाळी सुटलेला प्रत्येक कामगार सकाळच्या बसला पाण्याचा पांढरा कॅन घेऊन चढायचा. नियमाप्रमाणे बसच्या मधल्या वाटेत सामान ठेवायला मनाई होती. पण कंडक्टरही माणूसच, तिच्याही घरी नळ कोरडा. मग प्रवाशांनी आपसांत दुसरा नियम केला – वाटेत कॅन ठेवा, पण कॅनला कोणी पाय लावायचा नाही. पाय गुडघ्यापर्यंत उचलायचा आणि ओलांडायचा. सकाळची बस पडद्यावर बघताना वाटायचं, साठ बगळे रांगेने चाललेत.

या बसवर कंडक्टर होती वंदनाताई. कंत्राटी. नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन मुली शाळेत, घर तिच्या एकटीवर. वर्षाचं कंत्राट संपत आलेलं, नव्या कागदावर साहेबांची सही व्हायची होती. ड्रायव्हर रशीदभाई, पंचवीस वर्षं गाडी चालवलेला, शहागंजातला माणूस.

आणि साहेब म्हणजे टाकळकर साहेब. पुण्याहून नुकतेच बदलून आलेले. शर्टाची इस्त्री अशी की त्यावर भाकरी भाजावी. आल्या आल्या त्यांनी संगणकाचा अहवाल काढला. त्यात आमची सकाळची बस लाल अक्षरात. रोज, न चुकता, थांबा नसलेल्या ठिकाणी दोन मिनिटं उभी.

ती जागा म्हणजे ‘लिंबापाशी’. तिथे लिंब नव्हता. रस्ता रुंद करताना तो कापला गेला होता. पण लोक एकदा म्हणायला लागले की झाड असो नसो, म्हणतातच.

साहेबांनी मला फुटेज लावायला सांगितलं. मी लावलं. बस थांबते. दार उघडतं. कोणी चढत नाही. वंदनाताई पायरीपर्यंत खाली जाते, हवेत हात देते, हळूहळू मागे सरकते. कॅमेरा क्रमांक तीनमध्ये दिसतं, सतरा नंबरवर बसलेला माणूस उठतो. सीट रिकामी होते... आणि रिकामीच राहते! माणसं दांड्याला वटवाघळासारखी लटकलीत, पण सतरा नंबरवर कोणी बसत नाही. त्याहून मजा म्हणजे, त्या सीटशेजारी वाटेत काहीही नाही आणि तरी येणारा जाणारा प्रत्येकजण तिथे आला की गुडघ्यापर्यंत पाय उचलतो.

साहेबांनी वंदनाताईला बोलावून पडद्यासमोर उभं केलं.

“या तुम्हीच ना?”

“व्हय सर.”

“काय करताय?”

“आजीला हात देतीय की.”

“कोणत्या आजीला?”

वंदनाताईने पडद्याकडे बघितलं. जवळ गेली. पदराने काच पुसली. मग वळून माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच म्हातारीला कापून खिशात घातलंय.

“नाना, आजी कुठं गेली?”

“मला काय विचारतेस बाई? मी फक्त डिस्क काढतो.”

“आवं, रोज येती ती! हिरवं लुगडं, हातात कॅन. लेकीकडं पाणी घेऊन जाती मुकुंदवाडीला. ज्येष्ठ नागरिकाचा पास हाय तिचा, लॅमिनेट केल्याला!”

रशीदभाईंना बोलावलं. ते शांतपणे म्हणाले, “साब, मैं तो सामने देख के चलाता. पीछे कौन बैठा, कौन नै बैठा, मेरेकू क्या मालूम? लेकिन बुढ्ढी उतरते वखत मेरेकू रोज दुआ देती. दुआ तो सुनाई देती ना!” मग माझ्याकडे वळून, “क्यों नाना, तुम्हारे डब्बे में दुआ नै आती क्या?”

“आवाज येत नाही डब्यात,” मी म्हणालो.

“तो फिर डब्बाच है वो.”

साहेबांना यातलं काहीच विनोदी वाटलं नाही. त्यांचं मत साधं होतं – कंडक्टर आणि ड्रायव्हर मिळून रोज दोन मिनिटं चहा मारतात आणि पकडले गेल्यावर भुताची म्हातारी उभी करतात. त्यांनी वंदनाताईला कामावरून कमी करण्याचा आदेश टाइप करून घेतला. सही बाकी ठेवली, कारण माणूस नियमाचा पक्का होता – प्रत्यक्ष पाहणीशिवाय सही नाही.

“उद्या मी स्वतः बसमध्ये असेन. नाना, तुम्हीही. आणि त्या सीटवर मी बसेन. बघतो मला कोण उठवतं.”

वंदनाताई बॅग खांद्याला लावून बाहेर पडली. दारात थांबून मला म्हणाली, “नाना, उद्या नेमकी आजी आजारी पडली तं माझं काय व्हईल वो?” भुताच्या तब्येतीची काळजी करणारी बाई मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. हसू यायला हवं होतं. आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेंद्र्याला बसमध्ये चढलो. साहेब सतरा नंबरवर, खिडकीकडे पाठ करून, ताठ. मी त्यांच्या शेजारी दांडा धरून. बस भरली. कॅन आले, बगळे सुरू झाले. लिंबापाशी बस थांबली. वंदनाताई पायरीवर गेली. मी डोळे मिटले – श्रद्धेने नव्हे, तिच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून.

“ये बाई, आज गर्दी लईच दिसती.”

डोळे उघडले. समोर म्हातारी. अगदी साधी, तुमच्या-माझ्या गावात असते तशी. बुटकी, हिरवं लुगडं, हातभर गोंदण, दहा लिटरचा पांढरा कॅन. पाय सरळ होते, मी मुद्दाम बघितले. पायांत प्लास्टिकच्या चपला. तिने साहेबांच्या गुडघ्यावर टिचकी मारली.

“सरक रं लेकरा.”

साहेब ताडकन उठले! तपासणी वगैरे सगळं एका बाजूला राहिलं. म्हातारं माणूस समोर आलं की उठायचं, हे आईने लहानपणी पाठीत धपाटे घालून शिकवलेलं असतं. ते सरकारी आदेशापेक्षा आधी धावतं.

म्हातारी बसली. कॅन वाटेत ठेवला. मग साहेबांना खालून वरपर्यंत बघितलं.

“कोन्या गावचा रं तू?”

“पुण्याचा.”

“पाणी हाय का तिथं?”

“आहे ना.”

“मंग हिकडं कशाला आलास?”

सगळी बस हसली. साहेबही हसले, आणि सांगतो, बरे दिसले. मग त्यांच्या गप्पा लागल्या. लेक कुठे दिली, जावई कसा, लेकीच्या गल्लीत टँकर आला की बाया कशा भांडतात. “आमच्या हिरीला पाणी हाय,” म्हातारी म्हणाली, “मंग लेकीनं का भांडावं?” तिने ओच्यातून मूठभर भाजलेले शेंगदाणे काढून साहेबांच्या तळहातावर ठेवले. बाहेरचं पाणीसुद्धा न पिणारे साहेब एकेक दाणा तोंडात टाकत मुकुंदवाडीपर्यंत ऐकत राहिले. वाटेने जाणाऱ्या एकाला त्यांनी दटावलंसुद्धा, “अहो, कॅनला पाय लागतोय तुमचा!”

मुकुंदवाडीला साहेबांनी स्वतः कॅन उचलून खाली दिला. म्हातारीने रशीदभाईंना दुआ दिली आणि स्टेशनच्या बाजूला गर्दीत निघून गेली.

साहेब आनंदाने माझ्या अंगावर ओरडले, “नाना, बाई आहे! ठणठणीत आहे! तुमचा कॅमेरा बोगस आहे!”

वंदनाताई तिथेच रिकाम्या पायरीवर बसली आणि रडली. मीही सुटकेचा श्वास टाकला, मग लक्षात आलं की आता आपली पाळी.

डेपोत आल्या आल्या साहेबांनी सगळ्यांना माझ्या खोलीत जमवलं. मी डिस्क लावली. त्याच सकाळची. त्यांच्याच समोर डब्यातून काढलेली.

साहेब ताठ बसलेले. बस थांबते. साहेब ताडकन उठतात. सतरा नंबर रिकामी. साहेब रिकाम्या सीटकडे वाकून हसतात. मान डोलावतात. तळहात पुढे करतात. मोकळ्या तळहातावरून काहीतरी उचलून तोंडात टाकतात, चावतात, गिळतात... असं बराच वेळ. एका सज्जन गृहस्थाला रिकाम्या फरशीकडे बोट दाखवून दटावतात. शेवटी वाकतात, काहीही नसलेलं काहीतरी उचलतात, आणि एका बाजूला कलून, धापा टाकत, दाराकडे चालू लागतात. आणि मागे मी! मी त्या रिकाम्या सीटला हात जोडून नमस्कार करतोय – हे मघाशी सांगायचं राहिलं.

मी कॅमेरा क्रमांक चार लावला. तेच. कॅमेरे बदलले, डबा बदलला, दुसऱ्या शहरातून तंत्रज्ञ आला. त्याला कॅमेऱ्यांत दोष सापडला नाही, प्रवाशांत सापडला म्हणाला. लिंबापाशी जाऊन विचारलं. पानटपरीवाला म्हणाला, झाडाखाली एक विहीर होती, तीही रस्त्यातच बुजली. म्हातारीचं विचारलं तर म्हणे, “म्हाताऱ्या लई व्हत्या साहेब, कोणती पाहिजे?”

थोडक्यात, माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. तेव्हा नव्हतं, आज नाही. कोणाकडे असेल तर खाली लिहा, फक्त ‘भास’ एवढंच लिहू नका. साठ माणसांना रोज सकाळी एकच भास आणि तोही पास लॅमिनेट करून?

पण फुटेज संपलं तेव्हा खोलीत काय झालं ते राहिलंच. त्यानंतरचं आधी सांगून टाकतो, कारण शेवट मला साहेबांच्याच तोंडून करायचाय. वंदनाताईचा कमी करण्याचा आदेश साहेबांनी चौपट घडी करून खिशात घातला आणि तिच्या नव्या कंत्राटावर सही केली. मग थांब्याच्या मंजुरीचा कोरा फॉर्म मागवला. ‘लिंबापाशी’ हा अधिकृत थांबा झाला. त्या फॉर्मात एक रकाना असतो – थांब्यावरून चढणारे अंदाजे प्रवासी. साहेबांनी पेन बराच वेळ हवेत धरून ठेवलं आणि लिहिलं – ‘एक’. पुढल्या वर्षी पाऊस बरा झाला. वंदनाताई म्हणते, आता आजी रोज येत नाही, सणासुदीला येते.

तर, फुटेज संपलं. पडदा काळा झाला. कोणी कोणाकडे बघेना. रशीदभाई छताकडे, वंदनाताई साहेबांच्या पेनाकडे, मी सकाळी जोडलेल्या माझ्या हातांकडे. साहेब मात्र दातांवरून जीभ फिरवत होते, काहीतरी शोधत असल्यासारखी. मग एकदम खुर्चीतून उठून, अख्ख्या डेपोला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले –

“अहो, पण त्यातला एक दाणा खवट निघाला होता!”