बिनधुराचा बार्बेक्यू

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. कोकणातल्या घरात मागच्या पडवीत करवंट्या साठतात ना, तसे ते साठतात. मुद्दाम ठेवलेले नसतात, पण टाकवतही नाहीत. आमच्या कंपूकडे असा एक ढीगच आहे, आणि त्यातल्या बहुतेक करवंट्या एका बार्बेक्यूपायी जमल्या आहेत. हसायला चांगल्या आहेत. पण अलीकडे त्या सांगताना मला पूर्वीसारखं हसू येत नाही.

कंपू म्हणजे चौघं. बबन मिऱ्याकडचा, वडिलांच्या होड्या होत्या, त्याचा स्वतःचा बर्फाचा धंदा. शिरीष बँकेत. दीपकचं वेल्डिंगचं वर्कशॉप. आणि मी शाळेत चित्रकलेचा मास्तर. थंडी पडली की आम्ही तंबू घेऊन कुठेतरी समुद्रावर मुक्कामाला जायचो. सोबत बबनच्या बायकोने, म्हणजे सुमनवहिनींनी, हळद, मीठ आणि कोकमाचं आगळ लावून दिलेल्या बांगड्यांचा डबा असायचा. आमच्या कॅम्पिंगमधलं एवढंच काय ते नियोजन.

*

सुरुवात आरे-वारेला झाली. तीन चिरे मांडून चूल केली. वारा असा सुटला की धूर आमच्या मागे आणि आम्ही पुढे! चुलीभोवती चार फेऱ्या झाल्या तेव्हा दीपक म्हणाला, "लग्न लागलं रे आपलं हिच्याशी!" धुरातून वाचलो तर वाळू आली. शिरीषने पहिला घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाला, "क्रंची झालाय."

दुसऱ्या दिवशी रिकामा डबा द्यायला बबनकडे गेलो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, एकदा मला पन न्या की! मासळी मी लावून देते, आनि ती कशी खाल्लीत ते तुमच्या तोंडून ऐकते. एकदा मी पन बसते वाळूत."

मी काही बोलायच्या आत बबन म्हणाला, "तुला काय तिथं पन चूल फुकायला नेऊ? आयुष्यभर धूर खाल्लास. थांब, चांगला बार्बेक्यू घेतो. बिनधुराचा! तू खुर्चीत बसायचं, आमी भाजून देनार."

वहिनी हसल्या. त्यांना बांगडा किती आवडायचा ते सगळ्या मिऱ्याला माहीत होतं. भाजलेल्या बांगड्याचं डोकं त्या अशा चोखायच्या की नंतर मांजरसुद्धा तिकडे बघायचं नाही. तेव्हा सरळ गाडीत बसवून नेलं असतं तर काय बिघडलं असतं? पण आम्हाला आधी बार्बेक्यू निवडायचा होता.

*

निवडीचं काम शिरीषकडे गेलं, कारण तो बँकेत होता आणि त्याला बारीक अक्षरं वाचायची सवय होती. तो रोज मोबाईलवर रिव्ह्यू वाचायचा. कोळशाचा, गॅसचा, घडीचा, सुटकेसचा. एक हिवाळा त्यातच गेला.

"अरे, घे ना एखादा!" मी म्हटलं.

"कसा घेऊ? पनीर छान झालं असं लिहिलंय. चिकन छान झालं असं लिहिलंय. बांगड्यावर एकाने पण लिहिलेलं नाही!"

"मग?"

"कोणीतरी लिहील की. थांबू."

आम्ही थांबलो. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, खरंच थांबलो.

*

मग कोल्हापूरला एका मोठ्या दुकानात प्रत्यक्ष बघायचं ठरलं. दुकान एकदम चकाचक, एसी, मंद गाणी. सेल्समन बार्बेक्यूचं झाकण उघडून दाखवत होता. "सर, फॅमिली साइज आहे."

बबनने पिशवीतून थर्माकोलचा डबा काढला. बर्फवाला माणूस, तो डब्याशिवाय घाट चढतच नाही. डब्यातून एक अख्खा बांगडा काढला आणि जाळीवर आडवा ठेवला. शेपूट बाहेर.

"फॅमिली कोनाची?" बबनने विचारलं. "बोटभर मांदेलीची?"

त्या दुकानातून आम्हाला अतिशय सभ्य शब्दांत बाहेर काढण्यात आलं. बांगडा मात्र तिथेच राहिला. बबन घाटभर त्याचीच हळहळ करत होता.

*

पुढची अडचण वारांची. शिरीष गुरुवार पाळतो. मी शनिवार. दीपकचा सोमवार आणि वर संकष्टी. एका जाळीवर मासे भाजले की ती जाळी वारकऱ्याला चालत नाही. वारकरी म्हणजे आपला वार पाळणारा, आमच्यात असंच म्हणतात. त्यामुळे दोन जाळ्या हव्यात, आणि दोन्हींचे निखारे वेगळे हवेत, असा ठराव झाला. असा बार्बेक्यू जगात कुठलीच कंपनी बनवत नाही.

"मी बनवतो," दीपक म्हणाला.

त्याने बनवला. दुमजली! खाली मासे, वर वांगी. "अरे, खालच्या बांगड्याचा वास वरच्या वांग्याला लागणार नाही काय?" मी विचारलं. दीपक विचारात पडला आणि त्याने मध्ये जाड पत्रा घातला. मग पत्र्याला आधार घातला. मग आधाराला पाय घातले. शेवटी आम्हा चौघांना आणि टेम्पोच्या ड्रायव्हरला मिळूनही तो उचलेना.

"हा पोर्टेबल?" शिरीष धापा टाकत म्हणाला.

"हँडल हाय ना!" दीपक म्हणाला.

पावस गावी दीपकच्या मेव्हण्याच्या आंब्याच्या बागेत तो ढकलत-सरकवत एकदा पोचला तो पोचला. आजही तिथेच आहे. मेव्हण्याने खालच्या मजल्यावर कोंबड्या ठेवल्यात, आणि त्या सुखात आहेत.

वहिनींनी त्या वर्षीही विचारलं, "आला काय तुमचा तो?" बबन म्हणाला, "पुढच्या थंडीत नक्की." वहिनी डबा भरून देत राहिल्या.

*

घडीचे पाय असलेला एक मात्र आम्ही घेतला. नाजूक, हलका, दिसायला देखणा. मालगुंडला ओल्या वाळूत उभा केला, कोळसे पेटले, बांगडे चढले. आम्ही सूर्यास्त बघायला वळलो. परत बघतो तर एक बाजू खाली गेलेली. बघता बघता दुसरीही गेली. सगळं प्रकरण निखाऱ्यांसकट शांतपणे वाळूत उतरत होतं.

बबनने टोपी काढून छातीशी धरली. "बुडाली रे होडी!"

आम्ही पोट धरून हसलो. परतल्यावर हा किस्सा वहिनींना सांगितला, त्याही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "मी असते तर माडाची चार झापं टाकली असती खाली." त्या असत्या तर. तेव्हा कोणाच्याही मनात आलं नाही की, का नव्हत्या?

*

मग पावसाळ्यात बबनच्या छातीत दुखायला लागलं. बर्फाच्या लाद्या उतरवतानाच तो खाली बसला. आम्ही त्याला इस्पितळात नेलं. दोन दिवस डॉक्टर धड काही बोलेनात. वहिनी बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसलेल्या, ओठ तेवढे हलत होते. आम्ही समजलो, नामस्मरण चाललंय.

तिसऱ्या दिवशी आम्हाला आत सोडलं. बबनच्या तोंडावर मास्क. तो हाताने खुणा करू लागला. दीपक म्हणाला, "पाणी हवंय." मी म्हटलं, "वहिनींना बोलावतोय." बबनने वैतागून मास्क बाजूला सारला आणि शिरीषला विचारलं, "बांगड्यावर... लिवलं काय कोनी?"

नर्स ओरडली. आम्ही हसत बाहेर आलो आणि जिन्यात तिघेही रडलो.

बबन वाचला. आपल्या पायांनी चालत घरी गेला. डॉक्टरने तळलेलं बंद केलं, भाजलेलं चालेल म्हणाला. शिरीषने त्याच संध्याकाळी, एकही रिव्ह्यू न वाचता, बार्बेक्यू मागवला. बिनधुराचा. खाली छोटा पंखा, वर बांगडा आडवा मावेल अशी जाळी, एका हाताने उचलता येईल असा. इतकं सोपं होतं ते!

*

थंडी पडल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही आरे-वारेला गेलो. या वेळी गाडीत पुढच्या सीटवर सुमनवहिनी होत्या, ठेवणीतलं पातळ नेसून. सुरूच्या सावलीत त्यांच्यासाठी खुर्ची मांडली. त्या दोनदा मदतीला उठल्या, दोन्ही वेळा आम्ही ओरडून त्यांना खाली बसवलं.

शिरीषने बटण दाबलं. पंखा घुमला, निखारे लाल झाले, धुराचा पत्ता नाही. बांगडे बबनने स्वतः भाजले. पहिला केळीच्या पानावर घेतला आणि दोन्ही हातांनी वहिनींसमोर धरला.

"घे, सुमन. पयला तुझा."

वहिनींनी पान हातात घेतलं, बांगड्याकडे पाहिलं आणि पान परत केलं. "तुमी खावा."

"अगो, आज रविवार! आज कसला वार?"

"वार नाय. मी मासळी सोडली."

"कदी?"

"तुमी आत होतात तेवा. बाकावर बसून बोलले देवाला, ह्यांना चालत घरी आन, मी परत मासळी तोंडात घालनार नाय. तुमी चालत आलात."

पावसाळ्यापासून थंडीपर्यंत त्या घरात रोज मासळी शिजत होती आणि वहिनीच ती शिजवत होत्या. पण त्या जेवायच्या सगळ्यांच्या मागून. त्यांच्या पानात काय असतं ते बबननेही कधी बघितलं नव्हतं.

बबन पान धरून तसाच उभा. "मला सांगायचंस तरी," तो शेवटी म्हणाला.

"आता सांगितलं ना. खावा, निवतंय." मग वहिनी मान पुढे काढून बार्बेक्यूकडे बघू लागल्या. "पन काय हो भावजी, येवढे बांगडे भाजताहेत आनि वास कसा नाय येत?"

शिरीष खाली बघत म्हणाला, "वहिनी, बिनधुराचा आहे. धूर सगळा आतच जिरतो. त्यामुळे वास पण..."

"अगो बाई!" वहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या. "खानं सोडलं मी. वास सोडते असं कुठं बोलले होते देवाला!"

बबनने पान माझ्या हातात दिलं. जवळच्या शहाळीवाल्याच्या ढिगातून त्याने नारळाचं एक सुकं सोडण, म्हणजे वरची साल, उचललं, बांगडे बाजूला सारून थेट निखाऱ्यावर टाकलं आणि पंखा बंद केला. धूर उठला, पण वारा उलटा होता, तो वहिनींकडे जाईना. मग त्याने हँडलला धरून तो बार्बेक्यू उचलला आणि वहिनींच्या खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवला.