दिग्रसच्या चौकात मामाजी

कापसाचा भाव विचारला की व्यापारी आभाळाकडे बघायचे, त्या वर्षांतली गोष्ट. घरात चार पैसे यावेत म्हणून मी दिग्रसला शिवणकामाच्या दुकानात कामाला लागले. आमच्या फाट्यावर एसटी तिच्या मनात आलं तरच थांबायची, म्हणून सायकल. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अट घातली. "संक्रांतीपर्यंत पाह्यतो. चौकात एकदा जरी पडली, तं सायकल विकतो आन् तू घरी."

तो चौक साधा नव्हता. हंगामात चारी बाजूंनी बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक. एकेक ट्रक कापसाने असा फुगलेला, की त्याच्या सावलीत अख्ख्या गावाची पंगत उठली असती. मला तिथे उजवीकडे वळायचं असे. मी लवकरच उस्ताद झाले. आधीपासून हळूहळू रस्त्याच्या मध्याकडे सरकायचं, मान वळवून मागे बघायचं, उजवा हात सरळ लांब करायचा, आणि समोरच्याच्या डोळ्यात डोळे घातल्याशिवाय वळायचं नाही. माझ्या नुसत्या नजरेने एक माजलेला रेडा उलट्या पावली फर्लांगभर गेला होता. बघणारे अजून जिवंत आहेत.

एका बाजाराच्या दिवशी मी चौकाच्या बरोब्बर मधे, हात लांब केलेला, मागे कापसाचा ट्रक, आणि समोर चहाच्या टपरीवर मामाजी. आता, आमच्याकडे सून सासऱ्यासमोरून सायकलवर बसून जात नाही. मी विचार केलाच नाही. टुणकन खाली उतरले, डोक्यावर पदर घेतला आणि मान खाली घालून तिथेच उभी राहिले.

ट्रकने असा ब्रेक मारला, की यवतमाळात लोकांनी खिडक्या लावून घेतल्या असतील. वरचा कापूस घसरला आणि मी कमरेइतक्या कापसात.

ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "बाई, इथं कोन्त्या देवाचं दर्शन घेऊन राह्यल्या?"

"सासरे हायेत समोर."

त्याने टपरीकडे बघून हात जोडले. "काकाजी, तुमीच उठा. तुमी हालल्याबिगर सून हालत नाही, आन् सून हालल्याबिगर माहा ट्रक हालत नाही."

अख्खा चौक हसला. मामाजी हसले नाहीत. त्यांनी येऊन माझी सायकल धरली आणि मला कडेला नेलं. मनात म्हटलं, संपलं. दुकान गेलं, सायकल गेली.

"पडली का तू?"

"नाही मामाजी. उतरली."

"काहून?"

"तुमी दिसले."

ते बराच वेळ सीटवरचा कापूस झटकत राहिले. मग म्हणाले, "मी घरी सासरा. चौकात मी कोनी नाही. माह्याकडे पाहूच नको, ट्रककडे पाह्य. उद्या टाइमावर निघजो."

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी मी चौकात शिरले, की मामाजी टपरीच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसत. मी वळून पुढे गेले, की मागून त्यांचा आवाज येई, "गेली का?"

"गेली," टपरीवाला सांगे. "हात दाखून गेली."