कारणाच्या रकान्यातले तीन ठिपके

माझ्या भाचीला घरात सगळे फौजदार म्हणतात. ही पदवी तिने दुधाचे दात पडायच्या वयात मिळवली. मी एखादी गोष्ट रंगात आणावी आणि हिने मध्येच म्हणावं, "मामा, मागच्या वेळी कुत्रा होता. आता लांडगा कसा झाला?"

"अगं, मधल्या काळात वाढला तो," मी म्हणायचो. माझी बहीण तोंड फिरवून हसायची, पण पोरीला काही ते पटायचं नाही. बदल करायचा तर करा, पण का केला ते सांगा, हा तिचा हट्ट तेव्हापासूनचा.

पुढे याच हट्टाचा तिला पगार मिळू लागला. एका रुग्णालयात नर्सांच्या ड्यूट्यांचा तक्ता भिंतीवर असायचा आणि त्यावर मनसोक्त खाडाखोड चालायची. भाचीने तो संगणकावर आणला. मग तिने तक्त्याच्या मागे पहारा बसवला. कुणी एखादं नाव बदललं की आधी काय होतं, नंतर काय झालं, कुणाच्या लॉगिनने झालं आणि केव्हा, हे सगळं आपोआप नोंदलं जायचं. ती नोंद कुणाला पुसता यायची नाही, फौजदारालासुद्धा नाही. वर एक रकाना 'कारण' म्हणून. तो भरल्याशिवाय बदल पुढे सरकायचाच नाही.

त्या रकान्याने सगळ्यांची डोकी फिरली. पण माणूस पळवाट काढल्याशिवाय राहतो का? कुणी नुसतं 'काम' लिहायचं, कुणी 'कारण' या रकान्यात 'कारण' असंच लिहून मोकळं व्हायचं. एक सिस्टर दर वेळी 'विचारू नका' लिहायची. मनापासून लिहिणारा एकच, ड्यूटी-कारकून. त्याला सगळे पाल्हाळ म्हणायचे. 'सिस्टरच्या सासूबाईंचा मोतीबिंदू, उजवा डोळा, डावा मागच्या वर्षीच झाला, स्वभाव मात्र तोच,' अशी त्याची कारणं. मला तर हा माणूस न भेटताच आवडला.

आणि नेमका तोच अडकला. एका दुपारी वॉर्डात दोन सिस्टर हव्यात तिथे एकच होती. एक आजोबा पलंगावरून पडले, कपाळाला टाके पडले. तक्ता पाहिला तर दुसरीचं नाव काढलेलं, बदली नाव घातलेलंच नाही. नोंद उघडली, तर बदल पाल्हाळच्या लॉगिनने. संचालक डॉक्टरांनी त्याला घरी पाठवायचं ठरवलं आणि नोंद समजावून सांगायला भाचीला बोलावलं.

"मी केलं नाही हो," पाल्हाळ म्हणाला. आयुष्यात एवढं आखूड वाक्य तो पहिल्यांदाच बोलला असावा.

"म्हणजे नोंद खोटी?" डॉक्टरांनी विचारलं.

"नोंद खरी आहे," भाची म्हणाली. "बदल यांच्या लॉगिनने झाला, एवढंच ती सांगते. खुर्चीत कोण बसलं होतं, ते तिला दिसत नाही. तुम्ही चहाला जाता तेव्हा स्क्रीन बंद करता का?"

"कशाला? येणारा-जाणारा आपली ड्यूटी बघून जातो. लोकांची सोय होते."

"झाली बरं सोय," मेट्रनबाई म्हणाल्या. साऱ्या नर्सांवर त्यांची हुकमत.

भाचीने फक्त त्या बदलाचं कारण वाचायला सांगितलं. तिथे होते तीन ठिपके. मग तिने भिंतीवरच्या पडद्यावर जुने सगळे बदल लावले, नावं झाकून, नुसती कारणं. जमलेल्या सिस्टर वाचू लागल्या आणि हसू फुटलं.

"हा मोतीबिंदू पाल्हाळचा."

"आणि 'विचारू नका' म्हणजे ही बया."

"बरं, विचारत नाही."

एवढ्यात ठिपके आले. तीन. पुन्हा तीन. हसणं एकदम थांबलं.

"ही कुणाची सवय आहे, ते मी सांगणार नाही," भाची म्हणाली. "सवय म्हणजे पुरावा नव्हे. ज्याची आहे त्याने सांगावं."

मेट्रनबाईंनी चष्मा काढून पुसला. (भाची म्हणते, त्यांना चष्मा नाहीच. असू दे.) "ठिपके माझे," त्या म्हणाल्या. "त्या पोरीचं बाळ तापलं होतं, तिला घरी जायचं होतं. हा जागेवर नव्हता, स्क्रीन उघडी होती. नाव काढलं, बदली नाव घालणार तोच फोन वाजला, आणि डोक्यातून पार गेलं. मघाशी मीच याला टोमणा मारला. चूक माझी आहे, डॉक्टर. याला ठेवा."

डॉक्टरांनी पाल्हाळला ठेवलं आणि बाईंना केबिनमध्ये बोलावलं. आत काय झालं ते मला कळलेलं नाही. प्रयत्न चालू आहेत. भाचीने मात्र त्याच आठवड्यात दोन गोष्टी केल्या. खुर्ची रिकामी राहिली की स्क्रीन आपोआप बंद होते, आणि बदली नाव घातल्याशिवाय जुनं निघत नाही.

दुसऱ्या दिवशी पाल्हाळने पहिला बदल केला. भाचीने मला तो वाचून दाखवला: 'सिस्टरचा भाऊ परगावाहून येतोय, रेल्वे नेहमीप्रमाणे उशिरा, म्हणून. बदली नाव घातलं आहे. खुर्चीत मी स्वतः आहे आणि चहा अजून घेतलेला नाही.'