मडमेच्या बापाचा पुतळा

मी माणदेशातला, चौथीत शाळा सोडलेला. दुष्काळात गाव सुटलं आणि फिरत फिरत पेणला आलो. तिथल्या गणपतीच्या एका कारखान्यात साच्यात शाडू दाबायचं काम मिळालं. मालकांनी माझं शिक्षण विचारलं नाही, जेवलास का एवढंच विचारलं. ते उपकार मी विसरलो नाही. आणि उद्या नको म्हणाले तर जायचं कुठं, ही धास्तीही कधी गेली नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. गणपतीचं काम कमी असलं की मालक माणसांचे पुतळे करायचे, कुणाचे आजोबा, कुठल्या गावचे सरपंच. तेव्हा रोह्याचे एक निवृत्त मास्तर एका इंग्रज बाईंना घेऊन आले. माझ्याच वयाच्या असतील. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धाआधी इथल्या खाडीवर मिठाच्या खात्यात साहेब होते. मग फौजेत अधिकारी झाले आणि ब्रह्मदेशात मारले गेले. बाई तेव्हा पाळण्यात.

आता त्या वडिलांचा माग काढत हिंडत होत्या. निडी, कासू, खाडीकाठची सगळी गावं पालथी घातलेली. एका म्हाताऱ्या मिठागरवाल्याला साहेब आठवत होता. आगरावर बसून सुके बोंबील खायचा म्हणे, आणि तिखट लागून रडायचा. मास्तर हे सांगत होते, बाई हसत होत्या, आणि मी आतून जळत होतो. पन्नास वर्षं झाली, तरी त्याचं रडणंसुद्धा कुणीतरी जपून ठेवलेलं.

माझा बापही त्याच लढाईत तिकडेच गेला होता. साधा शिपाई. मी आईच्या पोटात होतो. तो कुठं पडला, दिसायचा कसा, काही माहीत नाही. घरात एक फोटो नाही.

बाईंना वडिलांचा अर्धपुतळा हवा होता. फोटो एकच, तोही समोरून काढलेला. नाक बाजूनं केवढं, कान किती मागं, हे समोरच्या फोटोत कळत नाही. अशा वेळी मालक मेलेल्याच्या पोराला नाहीतर भावाला समोर बसवत. बाईंना बसवलं. रोज येऊन त्या मान वळवून स्टुलावर बसायच्या. मी शाडू मळून द्यायचो. त्यांच्या कानावरून साहेबाचा कान निघाला, त्यांच्या हनुवटीवरून त्याची हनुवटी. शेवटच्या दिवशी बाई पुतळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि जुनी ओळख असावी तशी त्यांनी मान हलवली. बापाला कधी न बघितलेली बाई! सुकताना याला तडा जावा, असं माझ्या मनात येऊन गेलं.

त्या गेल्यावर मी मालकांना म्हणालो, "माझा बाप पण तिकडंच मेला."

त्यांचा हात थांबला. "इतकी वर्षं बोलला नायस कधी?"

"कोणी विचारलं नाय."

"मग बस त्या स्टुलावर."

बसलो. मालक बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "नाक बापाचं, का आईचं?"

मालकांनी मला रजा दिली, आईला विचारून ये म्हणाले.

एसटी बदलत बदलत गावी गेलो. आई अंगणात शेंगा फोडत होती. मी पुतळ्याचं सांगितलं, मडमेचंही सांगितलं, जरा चिडूनच. आईनं माझी हनुवटी धरली आणि बाजारात बैल बघावा तसं माझं तोंड दोन्ही बाजूंनी फिरवून बघितलं.

"नाक माझ्या भावाचं. कानबी त्येचंच," ती म्हणाली. "तुझ्या बाचं तुझ्या तोंडावर काय बी न्हाई, बाबा."

आणि पुन्हा शेंगा फोडू लागली. मला तिथं बसवेना. जरा फिरून येतो म्हणालो आणि निघालो. कुंपणापाशी पोचलो तेवढ्यात मागून हाक आली.

"थांब. वळू नगंस," आई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "तसाच जा चिंचेपतूर. लढाईवर गेलं तवा ते पाठनं असंच दिसलं व्हतं."

मी चालत राहिलो. मागं बघायचं नव्हतं. आईला बाप दिसत होता, मला समोर नुसती वाट. त्या मडमेचा केला नसेल इतका हेवा मी तेव्हा आईचा केला.

चिंचेपासून परत आलो तर म्हणाली, "आनी एकदा जा."