हेल्मेटचं उतरायचं गाव

आमच्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे बायकोच्या मामांनी, उभ्या आयुष्यात एकही माणूस चुकीच्या गावी उतरू दिला नाही आणि एकही साधी गोष्ट साधेपणानं केली नाही. एसटीत ते कंडक्टर होते. निवृत्त होताना त्यांनी बॅग डेपोत जमा केली, कंडक्टरकी मात्र घरी आणली. सोनपेठच्या त्यांच्या घरी पंगत बसली की "पुढं सरका, मागं जागा करा" चालूच. माझ्या मोटरसायकलवर मागं बसले, तर त्यांनी माझ्या पाठीवर दोन टोले दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही. एक टोला थांबायचा, दोन निघायचे. एकदा टोल्याआधीच मी क्लच सोडला, तर मला गाडी मागं घ्यायला लावून पुन्हा रीतसर निघायला लावलं.

अशा माणसाला आठवडी बाजारात भंगारवाल्याकडे लढाईतलं लोखंडी हेल्मेट दिसलं. त्यात एक कोंबडी बसली होती आणि भंगारवाला दोन्ही वेगवेगळं विकायला तयार नव्हता. कोंबडी मामींच्या वाट्याला आली, हेल्मेट मामांच्या. त्याला उजव्या बाजूला अंड्याएवढा पोचा होता. त्यावरून बोट फिरवत मामा म्हणाले, "गोळी लागल्याली हाय. पर माणूस वाचला. वस्तू असो का माणूस, जावई, त्याचं चढायचं एक गाव असतंय अन् उतरायचं एक. हे मधीच उतरलंय."

त्या दिवसापासून टोले हेल्मेटवर पडू लागले. मागं बसून मामा ते डोक्यावर चढवत, नाकापर्यंत खाली येई ते वर सारत आणि अंगठीनं टण् टण् करत. परभणीत चौकातल्या पोलिसानं अडवलं, "आजोबा, हे चालत न्हाई." मामा म्हणाले, "लढाईत चाललं, अन् तुमच्या चौकात चालंना व्हय?" पोलिसानं सलाम ठोकला आणि पावती मला फाडली.

संशोधन सुरू झालं. लष्कराच्या एका कचेरीला त्यांनी पत्र पाठवलं, 'सदर हेल्मेटचे डोके सध्या कोठे आहे ते कळवावे.' उत्तर आलं नाही. मग मामांनी स्वतःचं शास्त्र काढलं. हेल्मेट सगळ्यांनाच ढगळ होत होतं, अर्थात मूळ डोकं मोठं. आणि नाकासारखं डोकंही पिढीजात असतं. शिंप्याकडून टेप आणला आणि जिल्ह्यातली लग्नं गाठायला सुरुवात केली. मांडवाच्या दारात फेटे बांधणाऱ्याशेजारी उभं राहून ते येईल त्याचं डोकं मोजत. लोकांना वाटे, फेट्याचंच काहीतरी नवीन निघालंय. येलदरीकडं मात्र एक व्याही भडकले, "आमचं माप काढायलाय व्हय!" आणि पहिली पंगत तासभर अडली. त्या दिवशी आम्ही दोघं उपाशी परतलो. मी चिडलो होतो, मामा डोक्यांची वही लिहीत होते.

मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. दोन वर्षांनी पूर्णेच्या एका लग्नात तो वेडेपणा खरा ठरला. पन्नाशीचा, ठेंगणा, पण डोक्यानं दांडगा असा एक गृहस्थ आला. टेप जुळला. मामांनी त्याच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं, ते साच्यातून काढल्यासारखं बसलं. त्या माणसाचा चेहरा पडला. "हे माझ्या बापाचं हाय, फौजेतलं. बाप गेल्यावर मीच भंगारात इकलं. चुडाव्याला आई हाय माझी, तवापासून माझ्या हातचं पाणी घेईना."

मामा 'उद्या आणून देतो' म्हणाले. तो उद्या तीन आठवडे उजाडला नाही. कधी अमावास्या, कधी गुडघा. रोज तेल लावून हेल्मेट पुसत बसायचे. शेवटी मामीच म्हणाल्या, "पॅसेंजरचं गाव आल्यावर त्याला गाडीतच कोंडून ठिवता काय?" मामा निमूट उठले.

चुडाव्याला पत्र्याचं घर, अंगणात म्हातारी बसलेली. मुलगा दाराशी, खाली मान घालून. मामांनी हेल्मेट तिच्या मांडीवर ठेवलं. तिचा अंगठा न बघता थेट त्या पोच्यावर गेला.

मामांना राहवेना. "मावशी, ही गोळी कोणत्या लढाईतली?"

"कशाची गोळी, बाबा!" म्हातारी हसली. "दगड हाय. आमच्याच पत्र्यावरचा. लय वारं सुटलं, गारा पडायल्या, पत्रे उडायलेत. मालकानं खुंटीवरचं हे काढलं अन् माझ्या डोक्यावर दाबलं. मी भाईर निघाले तं वरला दगड निसटून ह्याच्यावर आदळला. त्यायच्या डोक्याला गारांनी खोका पडल्या. मी म्हनलं, तुमीच घालायचं व्हतं. तं म्हनले, टोपी एक अन् तुमी दोघं हाव." तिनं दाराकडं बोट केलं. "हा पोटात व्हता. अन् ह्यानंच इकलं."

मुलानं तोंडावर उपरणं घेतलं. मामांची दोन वर्षं जपलेली गोळी गेली होती, आणि मला त्यांची फार दया आली. मग ते हळूच म्हणाले, "म्हंजे वाचवलं ते खरंच." वाकून त्यांनी हेल्मेटवर अंगठीनं एक टोला दिला. एकच.

बाहेर येऊन मी गाडी चालू केली. मामा मागं बसले. सवयीनं त्यांचा हात डोक्याकडं गेला आणि टकलावर तसाच राहिला. टोले काही पडेनात.

"मामा, निघायचं ना?"

"थांबा की जरा. उतरल्यालं माणूस घरात पोचू द्या."

मी गाडी बंद केली. मामा अंगणाकडं कान देऊन बसले. मग म्हातारीचा आवाज आला, "पाणी आण रे, लेकरा."

भांड्याचा आवाज झाला. माझ्या पाठीवर हलकेच दोन टोले पडले.